ओल्या फांदीचे धनुष्य

महाराष्ट्राच्या नकाशावर पूर्वेच्या टोकाकडे दृष्टी टाकली, तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे एकमेकांना लागून असलेले दिसतात. पूर्वी हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन झाले आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख मोठ्या अरण्यांचा आहे. साग, ऐन, मोह, तेंदू, धावडा, बिजा असे नाना जातींचे वृक्ष येथे आढळतात आणि त्यांच्या मधूनमधून बांबूची दाट बेटे उभी असतात.

या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड आणि माडिया लोकांचा जुना सोबती म्हणजे तिरकमठा. तीर म्हणजे बाण आणि कमठा म्हणजे धनुष्य. वन्य पशूंपासून स्वतःचे आणि पिकांचे रक्षण करण्यासाठी, तसेच शिकारीसाठी हे साधन ते वापरीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आली. ही बंदी योग्यच होय. कारण वनातील प्राणी एकदा नाहीसे झाले, तर ते पुन्हा कोठून आणावयाचे? धनुष्याचे जुने काम अशा रीतीने संपले. परंतु धनुष्य घडविणाऱ्या हातांजवळ लाकडाविषयीचे जे ज्ञान होते, ते मात्र संपू देणे हिताचे नाही. ते ज्ञान पुस्तकात उतरवून ठेवले तरी पुरे पडत नाही. ज्याने एक तरी धनुष्य स्वतः घडविले, त्यालाच ते खऱ्या अर्थाने लाभते. म्हणून मुलांनो, आज आपण खेळण्याचे एक साधे धनुष्य कसे करतात ते पाहू.

प्रथम धनुष्य काम कसे करते, हे समजून घेतले पाहिजे. एखादी काडी हाताने फेकली, तर ती थोड्याच अंतरावर पडते. तीच काडी धनुष्याने सोडली, तर कितीतरी दूर जाते. हे अधिकचे बळ आले कोठून? धनुष्य स्वतः बळ निर्माण करीत नाही. आपण दोरी सावकाश ओढतो, तेव्हा आपल्या दंडाचे बळ त्या वाकलेल्या लाकडात साठत जाते. आणि दोरी सोडताच ते साठलेले बळ एका क्षणात बाणाला मिळते. थेंबाथेंबाने भरलेला घडा एकदम उपडा करावा, तसाच हा प्रकार आहे.

धनुष्याच्या मधल्या, हातात धरण्याच्या भागाला मूठ म्हणतात. मुठीच्या दोन्ही अंगांना दोन भुजा असतात. भुजांच्या टोकांना खाचा करून त्यांत दोरी अडकवितात. तिलाच प्रत्यंचा असे नाव आहे. बाण सोडणाऱ्याच्या तोंडाकडे येणारी धनुष्याची बाजू म्हणजे त्याचे पोट आणि लक्ष्याकडे असणारी बाजू म्हणजे त्याची पाठ. पाठ आणि पोट हे दोन शब्द नीट ध्यानात ठेवा. कारण धनुष्याचे सारे मर्म त्यांच्यात आहे.

एक कोवळा मुळा घेऊन तो हळूहळू वाकवून पाहा. बाहेरच्या बाजूस तो ताणला जाऊन तडकतो आणि आतल्या बाजूस दबून चुरगळतो. धनुष्य वाकते तेव्हाही असेच घडते. पाठीवर ताण पडतो आणि पोटावर दाब पडतो. लाकूड हे लांब, बारीक तंतूंचे बनलेले असते. हे तंतू खोडाच्या किंवा फांदीच्या लांबीच्या दिशेने, एखाद्या बांधलेल्या जुडीतील काड्यांप्रमाणे, एकमेकांना चिकटून उभे असतात. पाठीवरचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतील, तर ते पुष्कळ ताण सहन करतात. परंतु तासताना त्यांतील काही तंतू मध्येच कापले गेले, तर नेमक्या त्याच ठिकाणी चीर पडते आणि धनुष्य कडाडून मोडते. म्हणून जुन्या कारागिरांचा पहिला नियम असा, की पाठीला हत्यार लावू नये. जे काही तासावयाचे, ते पोटाच्या बाजूने तासावे.

आता लाकूड कोणते घ्यावे? सर्वच लाकडे या कामाला चालत नाहीत. सावर, पांगारा, शेवगा यांची लाकडे मऊ आणि दुबळी. ती ताण धरीत नाहीत. काही लाकडे कठीण असतात खरी, पण त्यांचा बाणा ‘मोडेन पण वाकणार नाही’ असा असतो. धनुष्याला वाकून पुन्हा सरळ होणारे लाकूड हवे. या दृष्टीने आपल्या वनांतील धामण हे झाड प्रसिद्ध आहे. धामण म्हटल्याबरोबर तुम्हांला साप आठवेल. पण हा तो साप नव्हे! धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठीही त्याला मागणी असते. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी या झाडाला ‘धनुर्वृक्ष’ असे नाव दिले आहे. नावातच त्याचा उपयोग सांगितला गेला, यावरून तो किती जुना असेल याची कल्पना येते.

धामण मिळाली नाही, तर बांबू आहेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत मानवेल नावाचा बांबू विपुल आहे. त्याची भिंत जाड असते आणि कोरड्या डोंगराळ जागी तर तो जवळजवळ भरीव निघतो. बांबू हे खरे पाहता झाड नसून गवताच्या कुळातील वनस्पती आहे. त्याचे बळकट तंतू बाहेरच्या हिरव्या सालीलगत दाट असतात आणि आत जावे तसतसे विरळ होत जातात. म्हणून बांबूच्या कांबीचे धनुष्य करताना वरची साल कधीही तासत नाहीत. आतला मऊ भाग तेवढा काढतात. मध्य भारतातील आदिवासी तर धनुष्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवट सालपटाची करतात.

फांदी कोठून आणावी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय उद्यानातून आणि अभयारण्यातून काडीदेखील उचलावयाची नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील वनसंपत्ती अशीच राखलेली आहे. अन्य वनांतही मनास येईल तसे तोडता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे एक लहानसे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे या गावाला २००९ साली आपल्या परिसरातील वनावर सामूहिक हक्क मिळाला. वनाचा उपयोग कसा करावयाचा, हे तेथे गावसभेत सर्वांनी मिळून ठरविले जाते. हक्क मिळाला म्हणजे राखण्याची जबाबदारीही आली, हे त्या गावाने जाणले आहे. आपणही शेताच्या बांधावरची किंवा परसातील फांदी, वडील माणसांना विचारूनच घ्यावी. एका धनुष्याला एक फांदी पुरते. ती खोडाशी झाड न सोलता धारदार कोयत्याने एका स्वच्छ घावात तोडावी, म्हणजे झाडाची जखम लवकर भरून येते. बांबू पावसाळ्यात मुळीच तोडू नये. त्या दिवसांत बेटातून नवे कोंब फुटत असतात. त्यांना या भागात वास्ते म्हणतात. ते तुडविले गेले, तर पुढच्या वर्षीचा बांबूच नाहीसा होतो. हिवाळ्यात तोडलेला बांबू टिकतोही अधिक. कारण तेव्हा त्याच्यातील पिष्ट पदार्थ कमी झालेला असतो आणि म्हणून त्याला कीड कमी लागते.

बारा वर्षांच्या मुलासाठी सुमारे १२५ सेंटिमीटर लांबीची, मध्यभागी ३ सेंटिमीटर जाडीची, शक्य तितकी सरळ आणि गाठी नसलेली फांदी निवडावी. ओली फांदी घेण्याचे कारण असे, की ओले लाकूड मऊ असते आणि लहान हातांनाही तासता येते. तेच वाळले, म्हणजे हत्याराला दाद देत नाही. मात्र ओल्या लाकडात एक दोषही आहे. ते वाकविले तर वाकते. पण सोडल्यावर पुरते सरळ होत नाही. दोन-तीन दिवस खेळले, की असे धनुष्य वाकलेलेच राहते आणि त्यातले बळ जाते. म्हणून घडण ओलेपणी करावी आणि वाकवावे मात्र वाळल्यावर, हा दुसरा नियम समजावा.

फांदी जमिनीवर उभी धरून, वरचे टोक एका हाताने सैल पकडून, दुसऱ्या हाताने मध्यभागी किंचित दाबावे. ती आपोआप थोडी वळते आणि आपल्याला कोणत्या बाजूला वाकणे आवडते, ते जणू सांगते. त्या बाकाची बाहेरची बाजू ही पाठ ठरवावी. पाठीवरची साल नखाने किंवा बांबूच्या पातीने अलगद सोलावी. सालीखालच्या पहिल्या थराला ओरखडाही लागू देऊ नये. नंतर बरोबर मध्य शोधून त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच सेंटिमीटरांवर कोळशाने खुणा कराव्यात. हा दहा सेंटिमीटरांचा भाग मुठीचा. तो तसाच जाड ठेवावा. खुणांपासून टोकांपर्यंत पोटाची बाजू तासत न्यावी. मुठीजवळ जाड आणि टोकाकडे क्रमाने पातळ, अशी दोन्ही भुजांची घडण सारखी असावी. तासताना पाते नेहमी शरीरापासून दूर जाईल असे धरावे आणि कोयत्याचे काम वडील माणसाने जवळ बसून करून घ्यावे.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. पट्टीची रुंदी निम्मी केली, तर तिचा ताठरपणा निम्मा होतो. परंतु जाडी निम्मी केली, तर ताठरपणा निम्मा न राहता केवळ आठवा भाग उरतो. दोनदा दोन चार आणि चार दुणे आठ, असा हा हिशेब आहे. जाडीतला लहानसा फरकही धनुष्याला किती जाणवतो, हे यावरून कळेल. काढलेला पापुद्रा परत चिकटविता येत नाही. म्हणून पहिल्या घडणीत लाकूड थोडे अधिकच राखावे.

आता ही ओबडधोबड काठी वाळू द्यावी. फांदीतील पाणी टोकांवाटे लवकर उडून जाते. टोके आधी आक्रसतात आणि त्यांना भेगा पडतात. म्हणून दोन्ही टोकांना मेण लावावे किंवा शेण-मातीचा लेप द्यावा. काठी एका सरळ फळीला सैलसर बांधून पडवीत, सावलीच्या जागी ठेवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. वाळली की नाही, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे तराजू. दर आठवड्यास वजन करून ते लिहून ठेवावे. पाणी जाते तसे वजन उतरत जाते. ते उतरावयाचे थांबले, की काठी तयार झाली असे समजावे. याला तीन-चार आठवडे लागतात. उतावळ्या मुलाला हे दिवस फार मोठे वाटतील. परंतु याच दिवसांत मऊ फांदीचे धनुष्याजोगे लाकूड होते.

अशी अर्धवट घडलेली काठी किती प्राचीन काळापासून माणसाच्या हाती आहे, याचा एक विलक्षण पुरावा १९९१ साली सापडला. युरोपातील आल्प्स पर्वतात, बर्फात गोठून राहिलेला एका मनुष्याचा देह गिर्यारोहकांना दिसला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा असल्याचे पुढे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे १ मीटर ८२ सेंटिमीटर लांबीचे धनुष्य होते. आणि ते अपुरे होते. त्याला खाचा पाडलेल्या नव्हत्या आणि तासल्याच्या खुणा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. त्याच्या भात्यात १४ बाण होते. त्यांपैकी दोनच पुरे झालेले होते. त्या मनुष्याचे काम मृत्यूमुळे अर्धे राहिले. त्याची भाषा आज कोणालाच ठाऊक नाही. परंतु त्याच्या धनुष्यावरील तासणीच्या खुणा लाकूड घडविणारा कोणताही माणूस वाचू शकतो.

काठी वाळली, की खरी परीक्षा सुरू होते. टोकांपासून दोन सेंटिमीटरांवर, पाठ न कापता केवळ दोन्ही कडांना लहान खाचा पाडाव्यात. एक टोक जमिनीवर टेकवून भुजा किंचित वाकवावी आणि तिचा बाक निरखावा. जेथे ती सरळच राहते, तेथे कोळशाची खूण करून पोटाकडून थोडे लाकूड कानशीने काढावे. जेथे ती अधिक वाकते, तेथे मुळीच हात लावू नये. असे पुनःपुन्हा करीत गेले, म्हणजे दोन्ही भुजांचा बाक एकसारखा होतो. असे झाले म्हणजे कोणत्याही एका जागेवर सगळा भार येत नाही. चार भावांनी ओझे वाटून घेतले तर कोणाचीच कंबर मोडत नाही. एकट्यावर टाकले तर तो खाली बसतो. धनुष्य मोडते ते पुष्कळदा अशाच एका जागी, जेथे इतर भागांनी आपला वाटा उचललेला नसतो. शेवटी काचकागदाने घासून, जवसाचे तेल चोळावे.

दोरी अंबाडीच्या किंवा तागाच्या वाखाची उत्तम होते. वाखाचे दोन पेड घेऊन प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्यावा आणि नंतर दोन्ही पेड एकमेकांभोवती डावीकडे वळावेत. दोन्ही पीळ परस्परांविरुद्ध असल्यामुळे दोरी उलगडत नाही. तिच्यावर मेण घासावे. दोन खाचांमधील अंतरापेक्षा ती चार-पाच सेंटिमीटर आखूड ठेवावी, म्हणजे प्रत्यंचा चढविल्यावर ती मुठीपासून सुमारे १३ सेंटिमीटर दूर राहते. मूठ वळून अंगठा उभा धरला, तर साधारण तेवढे अंतर होते.

धनुष्य किती जोराचे असावे? ज्याला ते वापरावयाचे, त्याच्या बळाएवढे; त्याहून अधिक नव्हे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. मूठ एका खुंटीवर टेकवून आणि वडील माणसाला जवळ उभे करून पाच लिटर पाण्याची लहान बादली प्रत्यंचेला टांगावी. तेवढ्या भाराने प्रत्यंचा मुठीपासून ४० ते ५० सेंटिमीटर खाली उतरली, तर ते धनुष्य तुमच्या वयाला योग्य आहे. त्याहून ताठ असेल, तर पोटाकडून आणखी थोडे घासावे. मोठ्या भावाचे धनुष्य ओढण्याच्या हट्टात नेम तर चुकतोच, शिवाय खांदाही दुखावतो.

बाणासाठी बोरू किंवा बांबूची सरळ, हलकी काडी घ्यावी. मागच्या टोकाला कोंबडीची गळून पडलेली पिसे बांधावीत. पिसांना हवेचा अडथळा होतो. त्यामुळे बाणाचे शेपूट मागेच राहते आणि बाण न भरकटता सरळ जातो. पुढच्या टोकाला चिंध्यांचा घट्ट गोळा बांधावा. बोथट बाणाला कमी समजू नका. मध्य भारतातील आदिवासींमध्ये बोथट लाकडी टोकाचे बाणही वापरात होते. आपले लक्ष्य गवताची पेंढी किंवा जुने पोते असावे. माणूस, गाईगुरे, पाखरू यांच्या दिशेने बाण लावावयाचा नाही, तो थट्टेनेही नाही. लक्ष्याच्या मागे कोणी नाही, हे पाहिल्यावाचून दोरी ओढू नये. तसेच बाण न लावता नुसती दोरी ओढून कधीही सोडू नये. साठलेले बळ बाणाला मिळाले नाही, तर ते धनुष्यातच परत फिरते आणि त्याला तडा जातो.

आज धनुर्विद्या हा जगभर मान्यता पावलेला खेळ आहे. २०२३ साली जर्मनीतील बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि सातारची अदिती स्वामी हे दोघेही आपापल्या गटात विश्वविजेते ठरले. त्यांची धनुष्ये चाके लावलेली होती. तरी दंडाचे बळ साठवून एका क्षणात बाणाला देणे, हे तत्त्व त्यांतही तेच आहे.

खेळ संपला, की प्रत्यंचा उतरवून धनुष्य सरळ ठेवावे. रात्रंदिवस ताणलेले धनुष्य लवकरच आपले बळ गमावते. ज्याने ते विकत आणले, त्याला हे सांगावे लागते. परंतु ज्याने फांदी निवडली, पाठीचे तंतू राखले, आठवडेन्‌आठवडे वजन करून वाट पाहिली आणि कोळशाच्या खुणा करीत भुजा घासल्या, तो आपल्या धनुष्याची दोरी न सांगताही उतरवून ठेवतो. अरण्याकडे पाहण्याची त्याची दृष्टीही बदलते. वाटेवरची धामण आता त्याला नुसते एक झाड वाटत नाही. तिचे नाव, तिचा स्वभाव आणि तिचे मोल त्याला ठाऊक झालेले असते. अशी मुले गावोगावी असतील, तर अरण्य राखण्यासाठी उद्या राखणदार शोधावे लागणार नाहीत.